कुणाच्या लेकराची वार

आत्या, तुझं तेरावं आटोपून मी अंबाजोगाईला खोलीवर परत आलो आणि दुसऱ्याच दिवशी प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला वारेची स्लाइड होती. सरांनी फळ्यावर ‘अपरा’ असा शब्द लिहिला, खाली त्याचं इंग्रजी नाव लिहिलं. आम्ही ते उतरवून घेतलं आणि एकेक जण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लागला. माझी पाळी आली तेव्हा मला जांभळे-गुलाबी ठिपके दिसले आणि मध्ये मध्ये मोकळी पांढरी जागा. शेजारची मुलगी म्हणाली, “झाडाच्या फांद्या आडव्या कापल्यासारखं दिसतंय ना?” मी हो म्हणालो. माझ्या मनात मात्र एवढंच आलं, की ही कुणाची असेल?

वर्गात हे विचारायचा धीर झाला नाही. सगळे हसले असते. तुला विचारलं असतं तर तू हसली नसतीस. “इतके दिस कालेजात जाऊन एवढं बी इचारलं न्हाईस का रं?” असं म्हणून उलट मलाच झापलं असतंस.

वार हा शब्द मला तुझ्यामुळंच कळला. बाळाबरोबर आईच्या पोटात वाढते, बाळाला आईच्या रक्तातलं सगळं पोचवते आणि बाळ बाहेर आलं की त्याच्यामागून पडते, हे मी पुस्तकात फार नंतर वाचलं. त्याआधी मला एवढंच माहीत होतं, की आपल्या न्हाणीमागच्या कोपऱ्यात जमिनीखाली घरातल्या सगळ्यांच्या वारा आहेत आणि तिथं खेळायचं नाही. आजोबांची तिथं, बापूंची तिथं, महेशदादाची तिथं, माझीही तिथंच. बाळंतिणीच्या अंघोळीचं ऊन पाणी त्या कोपऱ्यावरून वाहत जावं म्हणून ती जागा. मडक्यात वार, वर मीठ, हळद-कुंकू, मग माती आणि मातीवर जड दगड, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. हे सगळं तू करायचीस.

तूच का, हे मी लहानपणी कधी विचारलं नाही. घरातल्या पोरांना काही गोष्टी तशाच दिसत राहतात. आई चुलीपुढं, बापू शेतात आणि आत्या न्हाणीमागं खुरपं घेऊन. तुला मूल झालं नाही म्हणून सासरच्यांनी तुला न्यायचं बंद केलं आणि तू भावाच्या घरी परत आलीस, हे मला मोठेपणी कळलं. बारशाला पाळण्याजवळ तुला कुणी बोलवायचं नाही. ओटी भरायला तुझं नाव कुणी घ्यायचं नाही. वार मात्र तुझ्याच हातात द्यायचे, कारण ते घाण काम. आपल्या घरचीच नाही, आख्ख्या गल्लीतली. तू ते काम घेतलंस आणि त्यातली घाण कुठं घालवलीस कोण जाणे. मला आठवतं तेव्हापासून तू ते देवाचं काम असल्यासारखं करायचीस. आधी हातपाय धुवायचीस, पदर डोक्यावर घ्यायचीस आणि कुणाशी बोलायची नाहीस.

माझ्या वेळची गोष्ट तू इतक्यांदा सांगितलीस, की ती मला पाहिल्यासारखी वाटते. मी केजच्या दवाखान्यात झालो. तू सिस्टरच्या मागं लागून माझी वार मागून घेतलीस आणि भाकरीच्या डब्यात घालून एसटीनं नांदूरघाटला निघालीस. गाडीत गर्दी होती. डबा मांडीवर धरलेला पाहून कंडक्टर म्हणाला, “मावशी, डबा खाली ठेवा की.”

“न्हाई ठेवत.”

“काय एवढं सोनं हाय त्यात?”

“भाचा हाय माझा.”

कंडक्टरनं तिकीट फाडलं आणि पुढं सरकला म्हणे. हे सांगताना तू दर वेळी हसायचीस आणि आई आतून ओरडायची, “वन्सं, पोरापुढं काहीबी काय सांगता?” गोष्ट संपली की तू ठरलेलं वाक्य म्हणायचीस. “तुझी वार म्या पुरलीय गणू. कुठं बी जा, हितंच येशील माघारी. माझी बी हितंच हाय. म्हणून तर आले.”

आत्या, आपल्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. मला याचा अभिमान आहे आणि भीतीही वाटते. वर्गात बोलायचं झालं की अजूनही मी खाली वहीत बघतो. घरी मात्र सगळ्यांना वाटतं, की मला सगळं येतं. गेल्या वर्षी तुझा डोळा भाजला तेव्हाही सगळ्यांना तसंच वाटलं.

घट बसायच्या आधीचे दिवस होते. घरात दसरा काढायचं, म्हणजे सणाआधीच्या साफसफाईचं चाललं होतं, गोधड्या नदीवर धुवायला गेल्या होत्या आणि तू भिंतींना द्यायला पत्र्याच्या डब्यात चुना विझवत होतीस. पाणी ओतलं, चुना उकळायला लागला, तू काठीनं ढवळायला वाकलीस आणि उकळता शिंतोडा थेट डाव्या डोळ्यात गेला. आईनं मला फोन लावला. मी म्हणालो, “पाण्यानं धू. बोअर चालू कर आणि डोळा धारेखाली धर. कितीही ओरडली तरी धर.” मागून तुझा आवाज आला, “पानी न्हाई घालायचं. पानी घातलं तर आनिक उकळंल.”

तुझं काय चुकलं होतं? पाणी पडताच चुना कसा खदखदतो हे तू जन्मभर बघत आलेली. त्याच घटकेला डोळ्यांसमोर बघत होतीस. तेच पाणी डोळ्यात कोण घालून घेईल? तू तूप मागितलंस आणि आईनं दिलं. मी फोनवर ओरडत राहिलो आणि तिकडं तुझ्या डोळ्यात तूप भरलं गेलं. इथल्या मोठ्या दवाखान्यात आणेपर्यंत तो डोळा पांढरा पडला होता. डॉक्टरांनी आधी बराच वेळ पाण्यानंच धुतला, पापणीखालचे चुन्याचे कण काढले. मग मला बाहेर बोलावून म्हणाले, “बुबुळावरची कातडी जळली आहे. त्यावर पडदा लावावा लागेल. बाळाच्या वारेवर एक पातळ पडदा असतो, तो लावतो आम्ही. आग कमी होते, नवी कातडी यायला आधार मिळतो. तुम्ही त्यांना समजावून सांगाल का?”

मी तुला समजावून सांगायचं. मला तर ऐकूनच कसंतरी झालं होतं. पण खाटेवर बसून जमेल तसं सांगितलं. पोटात बाळाभोवती जी पाण्याची पिशवी असते, तिचा हा आतला पडदा. त्यात रक्ताच्या शिरा नसतात, त्यामुळं दुसऱ्याच्या अंगाला तो सहसा खुपत नाही. आधीच ठरवून केलेल्या सिझरमध्ये बाळ झालं की आईला विचारून घेतात, आईचं रक्त तपासतात, मग पडदा सोलून, धुऊन, गोठवून ठेवतात.

तू डोळ्यावर पट्टी बांधून सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, “कुणाच्या लेकराची?”

“ते सांगत नाहीत, आत्या.”

“पोरगा का पोरगी?”

“तेही नाही.”

“जित्तं हाय ना लेकरू?”

मी डॉक्टरांकडं गेलो आणि तेवढंच विचारून आलो. त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि ते म्हणाले, “हो. सगळ्या आया आणि बाळं घरी गेलीत म्हणावं.” तेव्हा कुठं तू हो म्हणालीस.

पडदा लावून घरी आल्यावर तू जे केलंस ते मला सुट्टीत आल्यावर दिसलं. सकाळी अंघोळ झाली, की तू ऊन पाण्याचा तांब्या घेऊन न्हाणीमागं जायचीस आणि त्या कोपऱ्यावर ओतायचीस. घरात तर कुणी बाळंतीण नव्हती. मी विचारलं तर म्हणालीस, “डोळ्यात पानी जाऊ द्यायचं न्हाई, म्हनलाय डॉक्टर. मग त्या लेकराच्या वारंचं ऊन पानी हितं घालते. कुनीतरी घालाया पायजे की.” कुशीवर झोपतानाही तू उजव्या अंगावरच झोपायचीस. आई हसायची. एकदा म्हणाली, “वन्सं, एवढं जपताय, जसं काय पोटातच हाय.” तू हसली नाहीस. म्हणालीस, “अंगावर लेकरू आलंय तर जपाया नको?” आई उगीचच मोरीतली भांडी उचलायला लागली.

मग आपण दोघं तपासणीला गेलो तो दिवस. डॉक्टरांनी दिव्यानं डोळा पाहिला आणि ते खूश झाले. नवी कातडी छान येतेय, म्हणाले, धुरकट का होईना पण दिसायला लागेल. तू विचारलंस, “आन् पडदा?”

“तो विरघळून गेला, आजी. तसाच असतो तो. आपलं काम करतो आणि विरून जातो.”

परतीच्या गाडीत तू खिडकीशी बसलीस. मी आनंदात होतो. आईला फोन झाला, दादाला फोन झाला, डोळा वाचला म्हणून. नांदूरघाटचा फाटा जवळ आला तेव्हा तू म्हणालीस, “जानार हाय असं सांगितलं न्हाई कुनी.”

मलाही माहीत नव्हतं, आत्या. पण माहीत असतं तरी मी सांगितलं असतं का, कोण जाणे. डॉक्टरांना ती सांगण्यासारखी गोष्ट वाटली नाही. मलाही वाटली नसती. मी तुझी पिशवी हातात घेतली. मला अजूनही कळत नाही, की त्या वेळी माणसानं काय बोलायला पाहिजे. कॉलेजात काहीतरी शिकतो, पण हे कुठं शिकवतात? दुसऱ्या दिवशी तू न्हाणीमागं गेली नाहीस.

मग या वर्षी अर्चनावहिनीला दिवस गेले आणि आपलं भांडण सुरू झालं. तिच्या गर्भपिशवीचं आधी एकदा गाठीचं ऑपरेशन झालेलं, म्हणून सिझर करावं लागणार हे सुरुवातीलाच कळलं होतं, म्हणजे वार देता येणार होती. मला वाटलं, तू तर लगेच तयार होशील. तुझाच डोळा दुसऱ्याच्या वारेनं वाचलेला. आणि तू म्हणालीस, “न्हाई. आपल्या लेकराची आपल्या मातीत जाईल.”

“घेताना चाललं की तुला.”

“चाललं. त्या बाईचं उपकार हायेत. म्हनून काय तिच्यासारखंच सगळ्यांनी कराया पायजे का?”

मी वाचून वाचून यायचो आणि तुझ्यापुढं मांडायचो. भाजलेल्यांच्या जखमेवर लावतात. साखरेच्या रोग्यांच्या पायाच्या जखमा भरत नाहीत, त्यावर लावून पाहतात. आईनं घेतलेलं औषध बाळापर्यंत पोचतं का, हे शास्त्रज्ञ वारेवर तपासतात. काही मुलं वजनानं कमी का जन्मतात, ते शोधतात. नाळेतल्या रक्तातून काही रक्ताचे आजार बरे करतात. तू भाकरी थापत ऐकायचीस. एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, की चेहऱ्याला लावायच्या क्रीममध्येही कुठं कुठं वारेचा अर्क घालतात.

तुझा हात थांबला. “कशाला?”

“चेहरा तरुण दिसावा म्हणून.”

“म्हंजी लेकराची वार घेऊन म्हाताऱ्या बायांनी तोंड रंगवायचं?”

“सगळीकडं नाही, आत्या.”

“आपली कंच्या कामाला जाईल हे सांगतेत का?”

“सांगत असतील. विचारलं तर.”

“असतील,” तू म्हणालीस आणि भाकरी तव्यावर टाकलीस. “आदी ते इचारून ये. मंग बोलू.”

मी विचारून आलो नाही. परीक्षा होती आणि घाईही वाटत नव्हती. मला वाटलं, वहिनीला अजून वेळ आहे, दिवाळीला बसू आणि नीट भांडू. खरं सांगू का? मला ते भांडण संपवायचंच नव्हतं. कॉलेजात मी काय शिकतो हे घरात दुसरं कुणी कधी विचारलं नाही. बापू विचारायचे, नोकरी कधी. दादा परळीच्या वीजकेंद्राची राख वाहणारा टिप्पर घेऊन यायचा, पांढरा फटक होऊन जेवायला बसायचा आणि म्हणायचा, “काय बे डॉक्टर, काय म्हनतंय कालेज?” आणि उत्तराची वाट न बघता झोपायचा. तू मात्र माझं एक वाक्य सोडायची नाहीस. मी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी मलाच उलटं विचारायचीस. आता मी खोलीवर नवं काही वाचतो, हे आत्याला सांगू म्हणून कोपऱ्यात खूण करतो आणि मग आठवतं.

तू अशी गेलीस, की कुणाला काही करताच आलं नाही. दुपारी जेवून आडवी झालीस आणि आई चहाला उठवायला आली. तुझ्या मागून लगेच वहिनीचे दिवस भरले.

परवा इथल्या दवाखान्यात तिला भरती केलं. दादा परळीला अडकला होता. खाटेजवळ आई होती आणि मी. डॉक्टरबाई आल्या आणि म्हणाल्या, “बाळ झाल्यावर जी वार निघते, तिचा पडदा डोळ्याच्या आणि भाजलेल्या पेशंटसाठी वापरता येतो. रक्ताची तपासणी करून घेऊ. तुमची इच्छा असेल तरच. नाही म्हणालात तरी काही बिघडत नाही.”

आई माझ्याकडं बघायला लागली. “तूच सांग बाबा. वन्सं असत्या तर...” एवढंच बोलली. मी तोंड उघडलं आणि आत्या, माझ्या तोंडून तुझेच प्रश्न बाहेर आले. कशाकशाला वापरणार? उरलेल्या वारेचं काय करणार? क्रीमला जाते का? डॉक्टरबाई हसल्या नाहीत. पडदा इथल्याच पेशंटला, म्हणाल्या. उरलेला थोडा भाग विद्यार्थ्यांना शिकायला जातो, तो नको असेल तर तसं सांगा. क्रीमला नाही. मी मान डोलावली आणि आता आपण हो म्हणायचं का नाही, याचा विचार करायला लागलो. माझी बाजू ठरलेलीच होती. तरी हो म्हणताना तुझ्या माघारी काहीतरी उरकतोय असं वाटत होतं.

वहिनी आडवी पडून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, “भाऊजी, आत्यांनी इचारलं होतं मला.”

“काय विचारलं होतं?”

“हेच. तुमी आन् त्या भांडायचात ना, त्याच्यानंतर एकदा शेंगा फोडताना म्हनल्या, ह्या गनूचं आन् माझं चाललंय, पर वार तुझी हाय. तुला काय वाटतंय? द्यायची तर दे, मी काय रागवनार न्हाई. न्हाई वाटलं तर माझ्याकडं आन.”

इतके महिने आपण त्या वारेवरून भांडलो आणि जिच्या पोटात ती होती तिला विचारायचं मला एकदाही सुचलं नाही. तुला सुचलं होतं. आणि मला सांगितलंही नाहीस. भांडण चालू राहावं असं तुलाही वाटत होतं का, आत्या?

“मग तुम्ही काय म्हणालात?” मी विचारलं.

“म्हनलं, आनते तुमच्याकडं.” वहिनी छताकडं बघत होती. “आता कुनाकडं आनू? द्या.”

डॉक्टरबाईंनी तिला परत एकदा नीट विचारलं. विद्यार्थ्यांना शिकायला द्यायची का, तेही विचारलं. वहिनीनं माझ्याकडं बघून घेतलं आणि त्यालाही हो म्हणाली. आई बाहेर जाऊन पायरीवर बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी झाली. रंग सावळा, केस दाट, आणि आवाज असा, की दादा जिन्यातच हसायला लागला. तो टिप्परवरून तसाच आला होता. सिस्टरनी त्याला आधी हात-तोंड धुवायला पाठवलं.

वार आत गेली. मी दारात उभा होतो पण मला ती दिसली नाही. घरी न्यायला काही नव्हतं. माझे हात रिकामे होते आणि काय करावं कळेना म्हणून मी चहा आणायला गेलो.

संध्याकाळी वहिनी जरा शुद्धीत बोलायला लागली. मुलीला कुशीत घेऊन तिनं विचारलं, “भाऊजी, बरोबर केलं ना आपन?”

मी हो म्हणालो. मला खरंच वाटतं, की बरोबर केलं. तुझ्यापुढं इतके महिने मी हेच मांडत होतो, आणि वाचलेलं सगळं मला अजून पाठ आहे. पण आत्या, हे मला आधी तुला सांगायचं होतं, आणि तुझ्या तोंडून आणखी एकदा ‘न्हाई’ ऐकायचं होतं.